लांब नळीची दुधाची बाटली: हात मोकळे, पण किंमत मोठी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही इंग्लंड-फ्रान्समधील घरांत वापरात असलेली ही काचेची बाटली प्रथमदर्शनी मोठी हुशारीची वाटते. बुचातून निघालेल्या लांब रबरी नळीच्या टोकाचे निपल तोंडात दिले की बाळ पडल्या पडल्या दूध ओढत राहते आणि आईचे हात कामाला मोकळे होतात. खोट आहे ती त्या नळीतच. आत चिकटलेली साय ब्रशने नीट निघत नाही, ती आंबते, आणि पुढच्या वेळचे ताजे दूध तिच्यावरूनच बाळाच्या पोटात जाते. इंग्लंड व वेल्समध्ये १८९९ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सुमारे १६३ बाळे वर्षाच्या आत दगावली, आणि उन्हाळ्यातील अतिसार हे त्यामागचे एक मोठे कारण होते. (आपले चांदीचे बोंडले त्यापेक्षा बरे, बोट घालून विसळता तरी येते.) फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून या बाटलीवर बंदी घातली.

अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीची १८९४ मधील होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना उघडी बाटली कितीतरी सरस आहे, कारण धुताना पाणी तिच्यातून आरपार जाते. ती मात्र हातात धरून बसावे लागते.