ऑफन की मोअर ऑफन दॅन नॉट?

लातूरला मुलाखतीची तयारी करणाऱ्या भाचीनं विचारलं, “मामा, किती वेळा घडतं ते सांगायला ऑफन, रेअरली असे सुटे शब्द घोटू, का एव्हरी नाऊ अँड देनसारखे (म्हणजे अधूनमधून) वाक्प्रचार?”

पाठांतराला सुटे शब्द सोपे. ऑल्वेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर अशी उतरती पायरीच आहे. अडतं ते वाक्यात: मुख्य क्रियापदाच्या आधी, पण इज-आरच्या नंतर. आणि आपल्या ‘नळाला पाणी कधीच येत नाही’मुळे तोंडातून ‘डझन्ट नेव्हर कम’ निघतं. नेव्हरमध्ये नकार आधीच आहे, ‘नेव्हर कम्स’ एवढंच म्हणायचं.

वाक्प्रचार बहुतेक शेवटी जोडले की झालं. हार्डली एव्हर (जवळजवळ कधीच नाही) मात्र मध्येच बसतं. अर्थाला रंगही चढतो. ब्लू मून म्हणजे एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा, साधारण अडीच वर्षांनी येणारी, जवळपास आपल्या धोंड्याच्या महिन्यासारखी! म्हणून ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे अगदी क्वचित. पण मुलाखतीत ते फार घरगुती वाटतं.

मुलाखत, अर्ज, परीक्षेला सुटे शब्दच घे. मैत्रिणींशी गप्पा मारायला, इंग्रजी ऐकून समजायला वाक्प्रचार. महिनाभरच हातात असेल, तर आधी नेव्हर पक्कं कर.