हातातलं जीपीएस: नाशिकच्या डोंगरांत पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

हरिहर, रामशेज, ब्रह्मगिरी, पांडवलेणी एवढंच करायचं असेल तर हे यंत्र घेऊ नका. या वाटा मळलेल्या आहेत. रविवारी तर पुढच्या माणसाच्या पाठीमागे चालत वर पोहोचता येतं, आणि फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला की काम भागतं. मी घेतलं ते वेगळ्या कारणांसाठी: पावसाळ्यात ढगात बुडालेलं अंजनेरीचं पठार, सातमाळा डोंगररांगेतले दोन-तीन किल्ले जोडणारी दिवसभराची चाल, आणि कुलंगच्या पायथ्याचं रान, जिथे ढोरवाटांना इतके फाटे फुटतात की खरी वाट कोणती हे गावातलाच माणूस सांगू जाणे. पावसाळा गेला, थंडी गेली, आता उन्हं तापू लागलीत. एवढ्या वापरानंतर या यंत्राबद्दल ठामपणे लिहिता येईल.

मी घेतलं ते गार्मिनचं ईट्रेक्स ३२ एक्स. त्याच मालिकेतलं २२ एक्स स्वस्त आहे. पडदा, मेमरी, सेलवर चालण्याचा वेळ सगळं तेच. फक्त इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची काढणारा बॅरोमीटर त्यात नाही. हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. पण होकायंत्र नसलेलं जीपीएस तुमच्या सरकण्यावरून दिशा काढतं, त्यामुळे चालत असाल तोवर ठीक, थांबलात की बाण भरकटतो. आणि धुक्यात माणूस नेमका थांबूनच विचार करतो. जास्तीचे पैसे मी यासाठी दिले आणि ते पहिल्याच पावसाळ्यात वसूल झाले.

याहून महाग असलेलं जीपीएसमॅप ६५ एकापेक्षा जास्त वारंवारितांवर उपग्रह ऐकतं, त्यामुळे कड्यावर आपटून उशिरा आलेला संदेश त्याला अधिक चांगला ओळखता येतो. सर्वेक्षणाचं काम करणाऱ्यांनी किंवा सतत कड्यांखालून फिरणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. आपल्या इस्रोचं नाविक, म्हणजे जीपीएससारखीच भारताची उपग्रह यंत्रणा, माझ्या यंत्रात चालत नाही. ते अमेरिकेचं जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास घेतं. नाविकचा २०२३ साली गेलेला एनव्हीएस-०१ उपग्रह एल-१ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यातही संदेश देतो, त्यामुळे पुढच्या यंत्रांत ते येईल अशी मला मनापासून आशा आहे.

एक इशारा मात्र सगळ्यांसाठी. इनरीचसारखी, उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. ती सामानात सापडल्यामुळे विमानतळावर परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. अमेरिकेतल्या भाच्याकडून काही मागवायचं असेल तर आधी ते नुसतं ऐकणारं आहे की बोलणारंही आहे हे पाहा. माझं यंत्र फक्त ऐकतं. याचा दुसरा अर्थ असा की संकटात ते कोणालाही हाक मारू शकत नाही. त्यामुळे फोन घरी ठेवायचा नाही.

पावसात फोन आणि हे यंत्र यांतला फरक पाच मिनिटांत कळतो. ओल्या काचेवर फोनला थेंब आणि बोट यांतला फरक समजत नाही. नकाशा आपोआप सरकतो, मोठा होतो, बंद होतो. इथे स्पर्शाचा पडदा नाहीच. बाजूला बटणं आणि पुढे एक छोटी दांडी, ओल्या, गारठलेल्या बोटांनीही ती नीट चालते. पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपीएक्स ७, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याइतका. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसाला तो पुरेसा आहे. पडदा २.२ इंचांचा. फोनची सवय असलेल्याला तो इवलासा वाटेल, आणि नकाशावर आजूबाजूचा मुलूख धुंडाळायला खरोखरच अपुरा आहे. उलट भर दुपारच्या उन्हात तो जास्त स्पष्ट दिसतो, मागचा दिवा बंद ठेवला तरी. मी मुलूख घरी मोठ्या पडद्यावर बघून ठेवतो आणि डोंगरात यंत्राला एकच प्रश्न विचारतो: मी आत्ता कुठे आहे?

नकाशाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण नवीन माणूस इथेच फसतो. मी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून तयार केलेला, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेला फुकटचा नकाशा मेमरी कार्डावर टाकला. असे नकाशे बहुधा ज्या उंचीच्या आकड्यांवरून बनतात ते २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानातून रडारने घेतलेले आहेत, साधारण दर ३० मीटरला एक उंची. हिमालयातल्या लांबलचक उतारांना एवढं पुरतं. आपला सह्याद्री मात्र लाव्हाच्या थरांवर थर चढून बनलेला: कडा, मग पदर म्हणजे सपाटीचा टप्पा, पुन्हा कडा, पुन्हा पदर. वीस मीटरचा सरळसोट कडा त्या तीस मीटरच्या दोन ठिपक्यांमध्ये विरून जातो आणि नकाशावर नुसता जरा जास्त चढ दिसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजारच्या नकाशातही समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने असतात, पण तिथे कडा वेगळ्या खुणेने दाखवतात. म्हणून तो नकाशा मी सोबत ठेवतोच. विभागाच्या संकेतस्थळावरून तो नोंदणी करून उतरवता येतो. जुन्या छापील शीटवरून अक्षांश-रेखांश उचलणार असाल तर सांभाळून. त्या पृथ्वीच्या एव्हरेस्ट या जुन्या मापनावर आहेत, यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापनावर चालतं, आणि ते जुळवलं नाही तर जागा शेकडो मीटर सरकू शकते. नव्या खुल्या मालिकेच्या शीटना ही अडचण नाही.

तेव्हा पडद्यावर ‘किल्ला २५० मीटर’ असं आलं की त्या आकड्याला भुलायचं नाही. ते पक्ष्याचं अंतर आहे. माणसाची वाट कदाचित पदरातून अर्धा डोंगर वळसा घालून पलीकडच्या सोंडेवरून असेल. पडद्यावरच्या बाणाच्या रोखाने कड्यात शिरणं हा या यंत्राचा सगळ्यात धोकादायक वापर आहे, आणि हे मी प्रत्येक नव्या ट्रेकरला बजावून सांगतो. नेटवरून उतरवलेले ट्रॅकही, म्हणजे दुसऱ्या कोणी चालताना नोंदवलेल्या वाटेच्या रेघा, डोळे झाकून घेऊ नयेत. त्यात नोंदवणाऱ्याचं वाट शोधत केलेलं भटकणं, पाण्यासाठी खाली उतरणं, कड्याखाली बिघडलेले ठिपके, सगळं असतं. मी ट्रॅक उतरवला की आधी संगणकावर गार्मिनच्या बेसकॅम्प या प्रोग्रॅममध्ये उघडून बघतो आणि खिंड, टाकं, पायऱ्यांची सुरुवात, वाट फुटते ती जागा एवढीच ठिकाणं यंत्रात घेतो.

साल्हेरला याचा चांगला प्रत्यय आला. वाघांबेकडून साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत चढायचं होतं, यंत्रात कोणीतरी टाकलेला ट्रॅक होता. गावाबाहेर गुरं घेऊन निघालेल्या एका आजोबांना विचारलं, “बाबा, या ओहोळाच्या कडेनं वाट आहे ना?” ते म्हणाले, “होती. पावसात माती खाली आली तिथली. आता वरच्या बांधानं जा, थोडं लांब पडंल.” ट्रॅक बरोबर होता, पण पावसाळ्याआधीचा. आम्ही वरच्या बांधाने गेलो आणि खिंडीच्या खुणेवर येऊन मिळालो. खिंड कुठे आहे हे यंत्राला पक्कं ठाऊक होतं, तिथे कसं जायचं हे बाबांना. दोन्ही लागतं. माथ्यावर परशुरामाच्या मंदिरापाशी यंत्राची उंची १५६७ मीटरच्या अगदी जवळ होती, कारण सकाळी गावात ती जुळवून घेतली होती.

उंचीचं हे जुळवणं रोज करावं लागतं. बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो आणि दाब हवामानाबरोबर बदलतो. एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटर. रात्री मुक्कामाला यंत्र चालू ठेवलं तर सकाळपर्यंत तंबू जागचा न हलता थोडा वर किंवा खाली गेलेला दिसतो. नकाशावर उंची दिलेल्या ठिकाणी ती भरून घ्यायची, एवढाच उपाय. तेवढं केलं की धुक्यात उंचीचा आकडा फार कामाचा ठरतो. कोणत्या पदरावर आहोत हे जमिनीवरच्या जागेपेक्षा उंचीवरून लवकर कळतं.

अंजनेरीकडे येतो, कारण माझ्या मते या यंत्राची खरी किंमत तिथेच कळते. पायऱ्यांची वाट एका अरुंद घळीतून वर येते आणि पठार एकदम मोकळं होतं. ऑगस्टमध्ये पठारावर ढग उतरला की अंजनीमातेच्या मंदिराकडून परत फिरताना दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. गवतात पायवाटांचे कितीतरी दोर, आणि चारी बाजूंना कडे. अशा वेळी सगळं अवलंबून असतं एका गोष्टीवर: पायऱ्यांचं तोंड सापडलं पाहिजे. मी वर आल्याबरोबर, आकाश मोकळं असलं तरी, तिथे थांबून खूण नोंदवतो. परतताना ट्रॅकबॅक सुरू केलं की आलेल्या वाटेची रेघ उलटी उभी राहते आणि आपण तिच्यावर आहोत की नाही एवढंच बघत चालायचं. ही रेघ आपल्याच पायांनी काढलेली असते, त्यात मध्ये कडा येत नाही. मोकळ्या पठारावर तीन ते पाच मीटरची अचूकता मिळते, आणि ती घळ गाठायला तेवढी पुरते.

कड्याखाली मात्र ही अचूकता राहत नाही. घळीत, नाळेत आकाशाची एक पट्टीच दिसते, थोडेच उपग्रह सापडतात आणि त्यातलेही काही संदेश कातळावर आपटून येतात. त्यामुळे नोंदवलेली रेघ कड्याच्या पोटातून गेलेली दिसते. हा भौतिकशास्त्राचा भाग आहे, यंत्राला बोल लावून उपयोग नाही. मोकळ्यावर आल्यावर एखादं मिनिट थांबून जागा पक्की होऊ द्यावी. सकाळची सुरुवातही अशीच करावी. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो, ती पूर्ण घ्यायला प्रत्येकाचा अर्धा मिनिट लागतो, आणि ती काही तासांत शिळी होते. म्हणून पायथ्याच्या गावात चहा होईपर्यंत यंत्र उघड्यावर चालू करून ठेवतो. झाडीत शिरता शिरता चालू करणाऱ्यांना ते सुस्त वाटतं.

बॅटरी म्हणजे दोन एए आकाराचे पेन्सिल सेल, कंपनीच्या सांगण्यानुसार २५ तास. माझ्या वापरात, पडद्याचा दिवा बंद ठेवून आणि होकायंत्र लागेल तेव्हाच चालू करून, दोन दिवसांची चाल निघते. मी रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरतो आणि मेनूत सेलचा प्रकार तोच निवडतो, नाहीतर बॅटरीचा आकडा खोटा दिसतो. पाड्यावरच्या दुकानात मिळणारे साधे स्वस्त सेल यात फार लवकर बसतात, तेव्हा जोडी घरूनच न्यावी. सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवावं लागतं, यंत्र हातात तिन्ही दिशांनी फिरवून. ते फोनच्या चुंबकी कव्हरापासून लांब ठेवावं. नाशिककडे चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाइतकाही फरक नाही, त्यामुळे ते गणित इथे करावं लागत नाही. संगणकाला जोडायची वायर अजून जुन्या मिनी यूएसबीची आहे, ती जपून ठेवा. आता दुकानात लवकर सापडत नाही.

किंमत चांगल्या मध्यम फोनएवढी. पावसाळ्यात पठारांवर जाणाऱ्या, गट घेऊन जाणाऱ्या किंवा अनोळखी धारांवर चालणाऱ्या माणसाला मी ते निःशंक सुचवेन. गटात चार जण मिळून एक घेतलं तरी चालतं, फक्त चौघांनाही ते वापरता आलं पाहिजे. ज्याच्या हातात यंत्र तोच घसरून पडला तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न डोंगरात पडण्याआधी घरीच सोडवावा.

घेतल्या घेतल्या करायची एक मांडणी सांगतो, कारण ती केली नसेल तर जीव वाचवायच्या वेळी गोंधळ होतो. यंत्रात अक्षांश-रेखांश दाखवण्याचे अनेक प्रकार आहेत: अंश-मिनिटं, अंश-मिनिटं-सेकंद, दशांश अंश. २० अंशांची रेषा आपल्या नाशिक शहरातूनच जाते, त्यामुळे इथले बहुतेक आकडे वीसच्या आसपासचे असतात. जखमी माणसाची जागा फोनवरून सांगताना एकाने ‘वीस पॉइंट पंधरा’ म्हटलं आणि दुसऱ्याने २० अंश १५ मिनिटं लिहून घेतलं तर ती जागा २०.२५ होते. शोधायला निघालेली माणसं अकरा किलोमीटर उत्तरेला जातात. यंत्रात, गटातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आणि पायथ्याला थांबलेल्या माणसाकडे दशांश अंशच ठेवा. ११२ ला फोन केला तर आकडे एकेक करून वाचा, पॉइंट कुठे येतो ते वेगळं सांगा, आणि समोरच्याकडून सगळं परत वाचून घ्या.