घरी केलेला आरएफ पॉवर मीटर, अकरा महिन्यांनंतर: सगळं येऊन थांबलं झाकणावर

रेडिओ सिग्नलची ताकद मोजणारा माझा मीटर चुकीचे आकडे दाखवत होता. दोन रविवार आणि आठ क्वार्ट्झ क्रिस्टल वाया गेल्यावर गेल्या आठवड्यात कळलं, की दोष मी तपासत होतो त्या क्रिस्टलच्या फिल्टरमध्ये नव्हता, मीटरच्या आयसीतही नव्हता. दोष मीटरच्या डब्याच्या झाकणात होता. म्हणून हे लिहायला बसलोय. एडी ८३०७ या सिग्नलची ताकद मोजणाऱ्या आयसीचा मीटर ज्यांनी केलाय किंवा जे करणार आहेत, त्यांना सर्किट ठाऊक असतंच. वेस हेवर्ड आणि बॉब लार्किन या अमेरिकन हौशी रेडिओवाल्यांनी २००१ साली मांडलेलं तेच सर्किट, मी त्यात फारसं काही बदललेलं नाही. तेव्हा सर्किटबद्दल थोडं आणि डब्याबद्दल जास्त लिहितो.

आधी आयसीची तक्रार. पहिली आयसी ऑनलाइन मागवली, स्वस्त होती म्हणून. जोडून बघितली. मधे १० डीबीचा (डेसिबलचा) ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नलची ताकद एक दशांशावर आणणारा, टाकला की आउटपुट २५० मिलिव्होल्टने उतरायला हवं, कारण हिचा हिशोब डीबीमागे २५ मिलिव्होल्टचा. उतरलं १८०. विक्रेत्याला मोजमापं फोटोसकट पाठवली. उत्तर आलं, सोल्डर केलेला माल परत घेत नाही. अहो, सोल्डर केल्याशिवाय ती तपासायची कशी? तीन मेल केले, तिन्हींना तेच उत्तर. पैसे बुडाले. दुसरी आयसी अधिकृत वितरकाकडून अडीचपट भावाने घेतली आणि ती पहिल्या दिवसापासून २५ वर आहे. मी पै-पैचा हिशोब ठेवणारा माणूस आहे, तरी सांगतो: या एका जागी स्वस्ताई बघू नका.

बाकी सगळीकडे मात्र बघा. इनपुटला ५२.३ ओहमचा रेझिस्टर सांगितलाय, कारण आयसीचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स ११०० ओहम आणि दोन्ही मिळून ५० व्हायला हवेत. हा ५२.३ चा नग सांगलीत मिळत नाही. एक टक्क्याचे १०० आणि ११० ओहम समांतर जोडले की ५२.३८ होतात. दोन-चार रुपयांत काम झालं. डिस्प्ले बसवलाच नाही, घरातला जुना मल्टिमीटर लावतो. शून्य डीबीएमला (म्हणजे एक मिलिवॅटला) २.१ व्होल्ट, खाली प्रत्येक डीबीला २५ मिलिव्होल्ट वजा. आठवड्याभरात ते आकडे पाठ होतात. कॅलिब्रेशन ओळखीच्या एका सरांच्या ऑसिलोस्कोपवर केलं: ५० ओहमवर ६३२ मिलिव्होल्ट पीक टू पीक दिसले की तेच शून्य डीबीएम. अर्ध्या तासात झालं.

सप्टेंबर ते मे हा मीटर मी रोज म्हणावा इतका वापरला. ७ मेगाहर्ट्झवरच्या माझ्या ५ वॉटच्या ट्रान्समीटरसाठी ४० डीबीचा टॅप (ताकदीचा दहा हजारावा भागच मीटरकडे सोडणारा) केला: ८२० ओहमचे तीन रेझिस्टर एकामागे एक, आणि मीटरच्या बाजूला जमिनीला ५१ ओहम. ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम, तेव्हा मीटरला मायनस ३ दिसायला हवं आणि तेवढंच दिसतं. टॅप विसरून थेट जोडू नका, या आयसीची कमाल १७ डीबीएम आहे.

मधे एक मत बदललं, तेही लिहितो. डिसेंबरात मित्राचा नॅनोव्हीएनए (अँटेना, फिल्टर तपासायचं छोटं उपकरण) महिनाभर घरी होता. पहिल्या आठवड्यात वाटलं, आपला उद्योग फुकट गेला; अँटेनाचा एसडब्ल्यूआर (ती केबलशी किती जुळते याचं माप) त्यात दोन मिनिटांत दिसतो, आणि माझा ब्रिज, मीटर, जनरेटर जोडेपर्यंत चहा गार होतो. अँटेनासाठी आजही मी तोच मागून आणतो. पण तो पाठवलेल्या आणि मिळालेल्या सिग्नलचं गुणोत्तर मोजतो. ट्रान्समीटरमधून प्रत्यक्षात किती मिलिवॅट निघतात, ऑसिलेटर मिक्सरला पुरेसं बळ देतोय का, हे त्याला विचारता येत नाही. शिवाय जुन्या मॉडेलमध्ये ३०० मेगाहर्ट्झच्या वर एसआय ५३५१ या लहरी तयार करणाऱ्या आयसीच्या हार्मोनिक्सवरच (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींवरच) काम चालतं. तेव्हा दोन्ही हवेत. हैदराबादच्या अशर फरहान यांनी स्वीपरिनो या आपल्या मोजणीच्या उपकरणात हीच एडी ८३०७ घेतली, ती उगीच नाही.

आता झाकण.

डबा मी तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याच्या पत्र्याचा करून घेतला. गणपती पेठेतल्या किराणा दुकानातून रिकामा डबा आणला आणि पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांकडे दिला. या पत्र्यावर कथिलाचा मुलामा असतो, सोल्डर त्यावर पाण्यासारखं पसरतं. ॲल्युमिनियमच्या डब्याला ते सुख नाही. चाचांनी विचारलं, "झाकण घट्ट पायजे का सैल?" मी म्हणालो, "घट्ट, पण उघडताना त्रास नको." ते म्हणाले, "दोन्ही कसं हुईल, सर?" तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता.

डब्याच्या बाहेरच्या बाजूला कंपनीची छपाई होती. छपाई म्हणजे रंग-रोगणाचा थर, त्यातून वीज जात नाही. झाकण त्यावरूनच बसणार, म्हणून मी कडेची छपाई पॉलिश पेपरने घासून काढली. पत्रा चकचकीत निघाला. तेव्हा इनपुटला ५० ओहमची टोपी (आत नुसता रेझिस्टर, सिग्नल काही नाही) लावून ०.२४ व्होल्ट यायचे, म्हणजे मायनस ७४ च्या आसपास. या आयसीची तळाची मर्यादाच ती. मी खूश.

घासताना छपाईबरोबर कथिलही निघून गेलं होतं, हे मला कळलं नाही. जूनमध्ये पाऊस लागला. आमच्याकडे कृष्णाकाठची हवा, खिडकी उघडी ठेवली की दुपारपर्यंत वही मऊ पडते. उघड्या लोखंडाला गंज चढायला तेवढं पुरे.

जुलैत बिटएक्स (घरी बांधायचा रेडिओ) धर्तीच्या रिसीव्हरसाठी १० मेगाहर्ट्झचं चार क्रिस्टलचं लॅडर फिल्टर, म्हणजे हवी तेवढीच फ्रिक्वेन्सी जाऊ देणारी क्रिस्टलची रांग, तपासायला घेतलं. सिग्नल देणाऱ्या एसआय ५३५१ च्या चौकोनी लाटेतले हार्मोनिक्स मीटरला फसवतात, म्हणून मधे ते अडवणारं लो-पास फिल्टर होतं. ती काळजी घेतली होती. जानेवारीत याच फिल्टरचा स्टॉपबँड (नको त्या फ्रिक्वेन्सी अडवायचा पट्टा) ६६ डीबी खाली होता, आता कसाबसा ६०. चारही क्रिस्टल बदलले. तेच. पुन्हा चार नवे जुळवून लावले. तेच. मग आयसीवर संशय, आणि पुन्हा तोच अडीचपट खर्च डोळ्यापुढे.

शेवटी सगळं काढून फक्त टोपी लावून बघितलं. ०.५५ व्होल्ट! मायनस ६२. काहीही न जोडता. मीटर बॅटरीवर आहे, म्हणून घरचा मेन स्विच पाडला, तर आकडा मायनस ७० वर आला. म्हणजे ट्यूबलाइटचे एलईडी ड्रायव्हर आणि चार्जर यांचा गोंगाट आत शिरत होता. ही आयसी ५०० मेगाहर्ट्झपर्यंतचं सगळं एकत्र मोजते, हवं-नको तिला कळत नाही. स्विच पुन्हा लावला आणि सहज झाकणावर अंगठा दाबला. ०.२६. अंगठा काढला, ०.५५. मी चार वेळा करून बघितलं. मग घरातल्यांना बोलावून दाखवलं.

फट किती रुंद आहे याला महत्त्व नाही, ती किती लांब आहे याला आहे. केसाएवढी फट असली, पण दोन टेकलेल्या ठिकाणांमध्ये चार बोटं लांब असली, तर ती रेडिओ लहरींना दारासारखी असते. माझं झाकण गंजामुळे फक्त दोन कोपऱ्यांवर टेकत होतं.

उपाय दोन टप्प्यांत केला. कडेचा गंज घासून तिथे फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर फिरवला. आपल्या आज्या भांड्यांना कल्हई लावून घ्यायच्या, तेच हे. मग कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या मित्राकडून ०.१ मिलिमीटरची पितळी शिम आणली, यंत्राखाली लेव्हलला घालतात ती. तिला कात्रीने दर पाच मिलिमीटरवर चिरा देऊन कंगव्यासारखं केलं आणि झाकणाच्या आतून चारही बाजूंनी सोल्डर केली. आता प्रत्येक दात स्प्रिंगसारखा डब्याला दाबून धरतो. घट्टही आहे आणि अलगद उघडतंही.

टोपी लावून ०.२२. पहिल्या दिवसापेक्षाही खाली. फिल्टर पुन्हा मोजलं, ६७ डीबी. काढलेले जुने क्रिस्टलही तपासले, सगळे ठणठणीत.

ॲटेन्युएटरच्या डब्याचीही हीच गत असणार. १४४ मेगाहर्ट्झवर त्याचे ४० डीबी ३७ भरतात, ते मी इतके दिवस रेझिस्टरवर ढकलत होतो. शिम अजून वीतभर उरलीय. चाचांकडे नवा डबा सांगून आलोय, या वेळी छपाई आतल्या बाजूला, म्हणजे झाकण कोऱ्या पत्र्यावर बसेल.