किंमत एकीची, ॲव्हरेज दुसरीचं, दारात आली तिसरीच

मोटारीच्या जाहिरातीत तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत असतात: किंमत, फीचर्स आणि ॲव्हरेज. तिन्ही खऱ्या असतात. फक्त त्या एकाच गाडीच्या नसतात.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेते. मार्च २०२३मध्ये नव्या रूपातली ह्युंदाई व्हर्ना आली. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १० लाख ९० हजार आणि सर्वांत जास्त ॲव्हरेज लिटरला २०.६ किलोमीटर. आता १० लाख ९० हजारांची ती सगळ्यांत खालची, ‘ईएक्स’. साधं दीड लिटर पेट्रोल इंजिन, गिअर हातानं टाकायचे, आणि तिचं प्रमाणित ॲव्हरेज १८.६. ते २०.६ होतं टर्बो इंजिनाच्या डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकचं, जी १७ लाख ३८ हजारांपर्यंत जायची. कंपनीनं काही लपवलं नव्हतं, माहितीपत्रकात तक्ता होता. पण शोरूममध्ये आपल्याला तक्ता कोण वाचून दाखवतो? आमची गाडी ही नव्हे, वेगळ्या कंपनीची. तिचं आणि शोरूमचं नाव घेत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

सेडान घ्यायची ती सासूबाईंसाठी. सगळं गाव एसयूव्हीच्या मागे असलं तरी त्यांना गुडघ्यांमुळे उंच गाडीत चढवत नाही. नाशकात ट्रॅफिक वाढल्यामुळे ऑटोमॅटिक हवी होती, बाकी फार मागण्या नव्हत्या. ज्या मॉडेलची नवी आवृत्ती नुकतीच आली होती, ती पाहायला गेलो.

सेल्सचा मुलगा गोड बोलायचा. मला ताई, ह्यांना दादा, सासूबाईंना आजी. त्यानं बोलता बोलता जे सांगितलं ते असं: “अकरा लाखांपासून सुरू आहे ताई, सनरूफ आहे, सीट लेदरच्या आहेत, आणि ॲव्हरेज वीसच्या वर.” यातली किंमत बेस मॉडेलची, सीट वरच्या मॉडेलांच्या आणि ॲव्हरेज टर्बोचं होतं. आम्ही निवडलेली साध्या इंजिनाची ऑटोमॅटिक, टॉपच्या खालची, १४ लाख ८० हजार एक्स-शोरूम. ती निवडल्यावर तरी ॲव्हरेजचा आकडा बदलायला हवा होता. तो शेवटपर्यंत वीसच राहिला.

टेस्ट ड्राइव्हचं बघा. शोरूममधून निघाल्यावर शहरातले सिग्नल संपेपर्यंत तो गप्प होता. सरळ हायवेला लागल्यावर म्हणाला, “ताई, जरा ट्रिप मीटर झिरो करतो, म्हणजे तुम्हाला नेमकं कळेल.” एसी एकवर, गाडी साठ-सत्तरच्या दरम्यान, कुठे थांबणं नाही. पडद्यावर १९.८ आलं. बोट ठेवून दाखवलं त्यानं. वर आणखी व्हॉट्सॲपवर एका ‘खूश कस्टमर’चा फोटो पाठवला, त्यात २४ दिसत होतं. तो फोटो कसारा घाट उतरून खाली गेल्यावर काढलेला होता हे मागच्या पाटीवरून ह्यांना कळलं. घाट उतरताना तर बैलगाडीही ॲव्हरेज देईल.

वीसच्या आसपासचे जे आकडे कंपन्या देतात ते एआरएआयचे, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे. पुणेकरांना एआरएआय म्हणजे सकाळी फिरायला जायची टेकडी. पण तिथे १९६६पासूनची संस्था आहे आणि गाड्यांचं प्रमाणन करते. हे मोजमाप रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या क्रमानं पळवतात. जेमतेम वीस मिनिटांची चाचणी, कमाल वेग ९०, एसी बंद. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. आपल्या खिशाचा अंदाज बांधायला नव्हे. आमची गाडी शहरात ११ ते १२ देते, हायवेला १६. हे गाडीच्या पडद्यावरचे आकडे नव्हेत. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, पुन्हा तशीच भरायची आणि मधले किलोमीटर लिटरनी भागायचे, तसे काढलेले. पडदा आमच्याकडे नेहमी एखादा किलोमीटर वाढवून सांगतो.

दीड लिटरच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला शहरात अकरा-बारा म्हणजे गाडी बिघडली आहे असं नव्हे. तेवढंच मिळतं. पण तक्रार केली तेव्हा शोरूमनं खापर फोडलं ते इथेनॉलवर. “मॅडम, ई-२० पेट्रोल आहे ना हल्ली.” म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. ऑगस्ट २०२५मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्याच निवेदनात होतं की ई-२०साठी जुळवलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के आणि बाकीच्यांना ३ ते ६ टक्के फटका बसतो. सहा टक्के धरले तरी विसाचे अठराच्या वर उरतात. बाराचा हिशेब काही लागत नाही.

आता जीएसटीचं. हा डाव मला आजही जास्त झोंबतो, कारण त्यात घरातली श्रद्धा वापरली.

३ सप्टेंबर २०२५च्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. छोट्या गाड्या २८वरून १८ टक्क्यांवर, मोठ्या गाड्यांना ४० टक्के, २२ सप्टेंबरपासून लागू. दुसऱ्या दिवशी सकाळीच सेल्सच्या त्या मुलाचा फोन. “ताई, तुमची गाडी चार मीटरच्या वरची. छोट्या गाड्या अठरावर आल्या, तुमची अठ्ठावीसवरून चाळीसवर गेली. चतुर्दशीच्या आत बिल करून टाका. नंतर पक्ष लागतो, आजी घेऊ देणार नाहीत, आणि पक्ष संपला की बावीस तारीख. बिल आत्ता, डिलिव्हरी दसऱ्याला. सोन्यासारखा मुहूर्त.”

त्या वर्षी ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती आणि घटस्थापना नेमकी २२ला. त्यामुळे बोलणं अगदी चपखल बसलं. सासूबाई म्हणाल्या, पक्षात पैसे गुंतवायचे नाहीत, काय ते आधी करा. बिल झालं, उरलेली रक्कम आरटीजीएसनं गेली.

त्यानं जे सांगितलं नाही ते असं. चार मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी नुसता २८ टक्के कर नव्हताच. २८ जीएसटी आणि वर १७ टक्के सेस, म्हणजे जादा उपकर, मिळून ४५. नव्या रचनेत सेस गेला आणि सरळ ४० राहिले. म्हणजे आमची गाडी महागणार नव्हती, स्वस्त होणार होती. १४ लाख ८० हजारांवर पन्नास हजारांच्या आसपास, आणि त्या प्रमाणात रोड टॅक्सही कमी. मग त्याला घाई कसली? २२ तारखेनंतर मालावर आधीच भरलेल्या सेसची खात्यावरची जमा डीलरांना वापरता येणार नव्हती, त्यामुळे जुन्या दरानं आलेला माल त्याआधीच काढायचा होता. त्यांच्यापुरती त्यांची अडचण खरी. पण ती आमच्या पितृपंधरवड्यावर का घालायची?

पक्षातच कंपन्यांच्या दरकपातीच्या जाहिराती पेपरात यायला लागल्या. फोन केला तर उत्तर मिळालं, झालेलं बिल सिस्टीममधून रद्द होत नाही.

दसऱ्याला गाडी आली. हार, नारळ, पेढे, शोरूमचा फोटोग्राफर, सगळं झालं. हातात एक गुळगुळीत फाइल दिली. परतीच्या पावसात वायपर आपोआप सुरू होईनात, तेव्हा पहिली पाल चुकचुकली, कारण आम्ही निवडलेल्या मॉडेलला पाऊस ओळखणारे वायपर होते. सेल्सचा मुलगा म्हणाला, “पहिल्या सर्व्हिसिंगला सेटिंग करून देतो.”

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. दिवाळीनंतर कागद लावायला बसले ते टीसीएससाठी. दहा लाखांवरच्या गाडीला डीलर आपल्याकडून १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करातून वळता होतो किंवा परत मिळतो. बहुतेक ठिकाणी तो ‘टॅक्स’ म्हणून कोटेशनमध्ये बसवतात आणि पुढे कुणी विचारत नाही. तो शोधताना आरटीओच्या कराची पावती हाताला लागली: १,६३,४४०.

महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १२ टक्के कर. १४ लाख ८० हजारांचे १२ टक्के १,७७,६०० होतात. १,६३,४४० हे १३ लाख ६२ हजारांचे १२ टक्के. आणि १३ लाख ६२ हजार ही आम्ही बुक केलेल्या मॉडेलच्या एक पायरी खालच्या मॉडेलची किंमत होती.

मग फाइल उघडून एकेक कागद पाहिला. गाडीचं बिल १३,६२,०००चं, त्यावर खालच्याच मॉडेलचं नाव, आरसीवरही तेच. त्याच्या मागे टाचलेलं दुसरं बिल, ‘ॲक्सेसरीज पॅकेज’, १,१८,०००. दोन्हींची बेरीज १४,८०,०००, रुपयाचाही फरक नाही. बुकिंग फॉर्मवर मॉडेलच्या रकान्यात फक्त ‘१.५ पेट्रोल ऑटो, व्हाइट’ एवढंच लिहिलेलं. आमच्याकडून ‘आरटीओ’ म्हणून घेतले होते १,९६,०००. नोंदणी, कर्जाचा बोजा चढवणं, कार्ड, बाकी सरकारी शुल्कं धरूनही पंचवीस हजारांच्या वर रक्कम कुठे गेली याचा कागद नाही.

तशीच पार्किंगमध्ये गेले. मागच्या सीटचं हेडरेस्ट वर ओढलं आणि त्याच्या दोन दांड्यांच्या मधली शिवण नखानं उचलली. ‘लेदर’च्या खाली राखाडी कापड, कंपनीचं, कोरं करकरीत. वर चढवलेलं कव्हर बाहेरचं, फक्त इतकं घट्ट बसवलेलं की बसताना कळू नये. डिकीवरचं मॉडेलचं चिन्ह उजवीकडे किंचित वर गेलेलं आणि त्याच्या एका अक्षराच्या पोटात वाळलेला गोंद. अलॉय व्हील चारच; स्टेपनीच्या खळग्यात साधं लोखंडी चाक, पण ते तर वरच्या मॉडेललाही तसंच येतं, त्यामुळे त्यावर वाद घातला नाही.

विम्याचं थोडक्यात. शोरूमचा आकडा ६८,५००. तेवढ्याच आयडीव्हीला, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीला, बाहेर ४५ हजारांच्या आत मिळत होता. “बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही,” हे सरसकट सांगतात. विमा कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप असेल तर मिळतं, आणि विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क आपला. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली असेल तर तिचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर जात नाही, मालकाकडे राहतो. विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो, जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत. आमच्या जुन्या गाडीच्या बोनसचा विषय शोरूममध्ये कुणीही काढला नव्हता.

जाब विचारायला गेलो तर गोड बोलणारा मुलगा ‘नोकरी सोडून गेला’. मॅनेजरनं ॲक्सेसरीजच्या बिलावरची सही दाखवली. दसऱ्याच्या दिवशी हाराच्या गडबडीत ज्या वीसेक कागदांवर सह्या घेतल्या, त्यातली ती एक. “तुमच्याच मागणीवरून बसवलंय, मॅडम.” कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला, चॅसी नंबर दिला. कारखान्यातून हीच गाडी खालचं मॉडेल म्हणून निघाल्याचं त्यांनी लेखी कळवलं. हा ईमेल आमचा सगळ्यांत मजबूत कागद आहे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेव्हा शोरूमनं आरटीओची जादा रक्कम चेकनं परत केली, आणि मॉडेलच्या फरकापोटी पाच फुकट सर्व्हिसिंगची कुपनं देऊ केली. कुपनं घेतली नाहीत. त्याबरोबर ‘कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असं लिहिलेला कागद होता.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्ह्यातच चालतात, १० ते २० लाखांसाठी शुल्क फक्त ४०० रुपये, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वकील करणं सक्तीचं नाही. आम्ही केला, कारण समोरच्याकडे दोन आहेत. पन्नास हजारांच्या जीएसटीबद्दल वकील फार आशा देत नाहीत: फोनवरचं बोलणं, पुरावा नाही. मॉडेलच्या फरकाबद्दल मात्र त्यांना खात्री वाटते, कारण कोटेशनवर १४,८०,००० हा आकडा शोरूमच्याच शिक्क्यानिशी आहे आणि त्या दिवशी त्या किमतीचं एकच मॉडेल कंपनीच्या दरपत्रकात होतं.

पुढच्या तारखेला शोरूमचं लेखी म्हणणं येणार आहे. तोवर कुणी गाडी बघत असाल तर बुकिंग फॉर्मवर मॉडेलचं पूर्ण नाव, इंजिन आणि गिअरबॉक्स लिहून त्याखाली शिक्का मागा. बाकीचे पैसे द्यायच्या आधी चॅसी नंबर घ्या आणि तो कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवून मॉडेल आणि बनावटीचा महिना विचारा. शोरूमवाले यातल्या कशाला नाही म्हणाले तर बुकिंगचे पैसे परत मागून पुढच्या शोरूमला जा.