मटेरियल घ्यावं की कंपोनंट स्वतः घडवावेत?

आयटी पार्कमधली माझी मैत्रीण नागपुरातल्या कळमन्याच्या संत्रा अडत्यांसाठी ॲप करतेय. पेच असा: गूगलचं मटेरियल, म्हणजे बटणं-फॉर्मसारख्या ॲपच्या तयार भागांचा (कंपोनंटचा) संच वापरावा, की हे भाग स्वतःचे घडवावेत?

वेळेत मटेरियल सरस. 2014 पासून वापरात आहे, स्क्रीन रीडरची (अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची) बरीचशी सोय आयती मिळते. ती नव्याने करणं फार जिकिरीचं. खर्च दोन्हीकडे मुख्यतः माणसांच्या तासांचाच.

खरी कसोटी मराठीची. रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेल्या ओळीत वेलांटी-रफार कापले जाऊ शकतात, लांब शब्द बटणात मावत नाहीत. मटेरियलमध्ये थीम (रंग, फॉन्ट, मापांची ठेवण) बदलून बरंच सावरतं. स्वतःचे कंपोनंट मुळापासूनच देवनागरीला बेतता येतात, पण ते सांभाळायला कायमचा माणूस लागतो.

दोघांची टीम, पहिलं ॲप? मटेरियलच घे, फॉन्ट नि ओळीची उंची तेवढी बदल. एकाच संस्थेची तीन-चार ॲप असतील, तर मात्र स्वतःचे घडव.