बीएमडब्ल्यू झेड४ : मे महिन्यात संभाजीनगर ते तुळजापूर
छत उघडून मजा घ्यायची असेल तर पहाटेच निघा, कारण नऊ वाजले की ऊन असं चटके देतं की छत लावून एसी चालू करावाच लागतो, अन् एसी लई गार आहे. छत 10 सेकंदात उघडतं, स्पीड 50 च्या आत असला की चालत्या गाडीत पण. बीडच्या पुढं मांजरसुंबा घाटात ते 3 लिटरचं सहा सिलेंडरचं इंजिन ऐकाच, दुसऱ्या गिअरला आवाज घुमला की अंगावर काटा येतो!! गाडी बुटकी आहे, गावातले स्पीडब्रेकर तिरपे अन् एकदम हळू घ्या. डिक्की 281 लिटर, दोघांच्या बॅगा अन् केशर आंब्याची पेटी बसली. टायरची हवा सकाळी गार असतानाच चेक करा, तापल्यावर आकडा जास्त दाखवतो.