लघुप्रबंधासाठी झोटेरो: वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. झोटेरो, म्हणजे संदर्भ साठवून त्यांच्या तळटीपा आणि याद्या करून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि मोठ्या लेखनाला ते हवंच. पण विषय गोव्याचा असेल, संदर्भ पोर्तुगीज, मराठी आणि इंग्रजीत विखुरलेले असतील, तर व्हिडिओत दाखवतात तसं सगळं एका क्लिकवर होत नाही. निम्म्या नोंदी हातानेच भराव्या लागतात. हे माहीत असून वापरलंत तर चिडचिड होणार नाही.

माझं एम.ए. इतिहासाचं काम गोव्यातल्या गावकरी संस्थांवर, म्हणजे गावाची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या कोमुनिदादींवर होतं, तेही जुन्या काबिजादींपुरतं, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागापुरतं: तिसवाडी, बारदेश, साष्टी. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, "तळटीप शिकागो पद्धतीची, आणि पान क्रमांकाशिवाय एकही नको." (शिकागो ही संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली शैली.) तेव्हापासून झोटेरो उघडंच आहे.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांनी २००६मध्ये ते आणलं. ब्राउझरमध्ये एक बटण बसतं, लेखाच्या पानावर ते दाबलं की लेखक, शीर्षक, वर्ष, अंक सगळं तुमच्या संग्रहात जाऊन बसतं. पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय, म्हणजे त्यांचा ओळख क्रमांक, टाकला तरी तेच. वर्ड, लिब्रेऑफिस आणि गुगल डॉक्समध्ये लिहिताना तिथूनच तळटीप घालता येते आणि शेवटची यादी आपोआप तयार होते. अलीकडच्या इंग्रजी जर्नलांसाठी हे खरोखर निर्धोक चालतं. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा जुन्या छापील मजकुराची. फिलिप नेरी शाव्हियेर यांचं कोमुनिदादींवरचं पुस्तक १८५२चं. त्याला कसला आयएसबीएन आणि कसला डीओआय! इंटरनेट आर्काइव्हवर अशा पुस्तकांची स्कॅन भरपूर मिळतात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या जुन्या प्रकल्पातली पुस्तकंही तिथेच आहेत. पण त्यांची माहिती भरणाऱ्यांनी कधी शीर्षक अर्धवट लिहिलेलं असतं, कधी प्रकाशनाच्या जागी भलतंच वर्ष. बटण दाबलं की झोटेरो ती चूक इमानेइतबारे उचलून आणतं. म्हणून स्कॅनमधलं मुखपृष्ठानंतरचं पान उघडायचं आणि त्यावरून नोंद दुरुस्त करायची. दोन मिनिटं जातात, पण ती द्यायचीच.

नावांचा गोंधळ सगळ्यात मोठा. शाव्हियेरांचं नावच रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी छापलेलं सापडतं. पोर्तुगालमध्ये १९११मध्ये लेखनसुधारणा झाली, त्यामुळे त्याआधीच्या छापील मजकुरात 'कोमुनिदाद' दोन एमनी लिहिलेलं असतं आणि नंतरच्यात एकाने. शोधताना दोन्ही रूपं टाकली नाहीत तर अर्धं साहित्य निसटतं. संग्रहातही एकच माणूस दोन लेखक होऊन बसतो. शेवटच्या यादीत एकाखाली एक दोघंही दिसतात, आणि परीक्षकांची नजर नेमकी तिथेच जाते. मी एक रूप ठरवून सगळीकडे तेच ठेवलं. 'दा कुन्य रिव्हारा' यांच्यासारख्या पोर्तुगीज नावात आडनाव कुठून सुरू होतं आणि 'दा' कुठे जातो, हे झोटेरोला कळत नाही, आपण सांगावं लागतं. आपल्या कोसंब्यांचं तर विचारूच नका: धर्मानंद आणि दामोदर, बाप-लेक दोघेही 'डी. कोसंबी'. शैलीने पहिलं नाव आद्याक्षरावर आणलं की वाचणाऱ्याची फसगत ठरलेली. दोघांचीही नावं पूर्ण भरा आणि पूर्ण नाव छापणारीच शैली घ्या.

दामोदर कोसंबींचाच आणखी एक धडा. जुन्या काबिजादींतल्या ग्रामसंस्थेवरचा त्यांचा लेख आधी १९४७मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला, नंतर १९६२च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात. तुम्ही वाचलंत ते पुस्तक, तर पान क्रमांकही पुस्तकाचाच हवा. पण लेख १९६२चा म्हणून दाखवला तर युक्तिवादाचा काळच सरकतो. झोटेरोत 'एक्स्ट्रा' नावाच्या रकान्यात मूळ वर्ष लिहायची सोय आहे आणि काही शैली ते छापतातही. ही सोय कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते.

पुराभिलेखागारातल्या कागदांसाठी 'मॅन्युस्क्रिप्ट' हा प्रकार निवडा आणि संस्थेचं नाव, दप्तराचा क्रमांक वेगवेगळ्या रकान्यांत भरा. पानाच्या जागी फोलिओ निवडता येतो. पुढची बाजू की मागची, तेही लिहा, कारण हस्तलिखितात बहुधा पानाला नव्हे, पत्राला, म्हणजे दोन बाजूंच्या अख्ख्या कागदाला क्रमांक असतो. १५२६च्या फोरालसारखा (आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे रिवाज नोंदवून काढलेली सनद) दस्तऐवज नंतरच्या छापील संग्रहातून वाचला असेल, तर संग्रहाचा संपादक आणि साल हवंच. मूळ कागद हाताळल्याचा आव आणू नये.

आता मराठीचं. देवनागरी नोंदी व्यवस्थित राहतात, शोधल्या की सापडतात. मात्र साल '१९५८' असं देवनागरी आकड्यांत भरलं तर वर्षाचा रकाना ते ओळखत नाही. तिथे इंग्रजी आकडेच घाला. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, आणि पौष-माघ-फाल्गुनातलं असेल तर बहुधा ७९. यादीत मराठी नोंदी सगळ्या इंग्रजी नोंदींनंतर जातात. आमच्याकडे भाषावार वेगळ्या याद्याच मागतात, त्यामुळे मला ते सोयीचंच पडलं. भाषेचा रकाना मात्र रिकामा सोडू नका. तो रिकामा असला की शिकागो शैली पोर्तुगीज शीर्षकाला इंग्रजी समजून बहुतेक शब्दांची पहिली अक्षरं मोठी करून टाकते.

आणि संदर्भ शोधण्याचं काय? तिथे झोटेरोचा उपयोग नाही, आणि तशी अपेक्षाही नको. माझं निम्मं साहित्य एका चांगल्या पुस्तकाच्या तळटीपांतून मिळालं. इतिहासकार तेओतोनियो डिसोझांचं १९७९चं मध्ययुगीन गोव्यावरचं पुस्तक घेऊन बसा, महिनाभराचं वाचन तिथेच आहे. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दुर्मीळ पुस्तकं आणि पोर्तुगीज काळातली वृत्तपत्रं आहेत. तिथल्या कर्मचाऱ्यांना विषय नीट सांगितला तर कॅटलॉगमध्ये न सुचणारं काही हातात पडतं. प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, आहेच. तिथे प्रबंध प्रकरणवार सुट्या फायलींत असतो, म्हणून झोटेरोत एकच नोंद करून सगळ्या फायली तिला जोडाव्यात. महागड्या जर्नलांसाठी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना सुरू झाली आहे, केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. आपलं कॉलेज त्यात आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. बाहेर पैसे भरण्याआधी तर नक्कीच. आणि चॅटबॉटने दिलेला संदर्भ प्रत्यक्ष सापडेपर्यंत संग्रहात घेऊ नका. वर्गातल्या एका मित्राला तसाच एक देखणा लेख मिळाला होता: जर्नल खरं, अंक खरा, लेख मात्र नव्हताच.

जागेचं गणित आधीच करा. फायलींसाठी ३०० एमबी फुकट मिळतात. स्कॅन केलेली तीन-चार जाड पुस्तकं आली की संपले. नोंदींना मात्र मर्यादा नाही. दरवर्षी २० डॉलर भरून २ जीबी घेता येतात. मी पैसे न भरता स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून फक्त दुवा जोडला. झोटेरोचा स्वतःचा डेटा फोल्डर गुगल ड्राइव्हमध्ये ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका, संग्रह बिघडू शकतो. २ जीबी फुकट हवे असतील तर मेंडेली हे तसंच दुसरं साधन आहे, पण ते एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीचं. माझा कल उघड्या, कुठल्या व्यापारी कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या साधनाकडे आहे, हे मान्य.

सादर करायच्या आदल्या दिवशी फाइलची प्रत करा, आणि फक्त त्या प्रतीत 'अनलिंक सायटेशन्स' दाबा. मग तळटीपा साधा मजकूर होतात आणि छपाईवाल्याच्या संगणकावर हलत नाहीत. वर्डमधून गुगल डॉक्समध्ये न्यायचं असेल तर कॉपी-पेस्ट नको. झोटेरोत त्यासाठी वेगळा पर्याय आहे, तोच वापरा. चार-पाच संदर्भांच्या असाइनमेंटसाठी मात्र एवढा घाट घालू नये. वहीत लिहा, लवकर होईल.